चूलबंद आवतण

८ डिसेंबर १९९६, जालना

आजपासून मी घराची मालकीण. लिहूनच ठेवते, कारण तोंडाने म्हटलं तर लोक हसतील. एकतिसाव्या वर्षी लग्न झालेल्या बाईने फार आनंद दाखवला की तो कुणाला बघवत नाही.

आष्टीला बालवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळली, घरी येऊन भावांची सांभाळली, आणि आज दुपारी टेम्पोतून उतरले ती थेट स्वतःच्या फाटकापाशी. मंठा रोडच्या अंगाला नवी वसाहत पडली आहे, तिथे आमचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, सगळीकडे शहाबादी फरशी. संडाससुद्धा घरात! फरशीवर सिमेंटचे डाग आहेत, ते मी बसून बसून खरवडले. मागच्या अंगाला कंपाउंडपर्यंत मोकळी जागा आहे.

आमचे हे, आबाराव, बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. दिवसभर मोटारसायकलवर प्लॉट हिंडतात. बिजवर आहेत. पहिली इंद्रायणी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली, मागे मूलबाळ नाही. मूलबाळ नाही हे माझ्या भावाने मला इतक्यांदा सांगितलं की जणू नवऱ्याच्या अंगचा मोठा गुणच तो. पण माणूस बरा वाटतो. माझं नाव ऐकून हसला नाही. माझ्या आधीची दोघं पाळण्यातच गेली म्हणून आईने माझं नाव कडूबाई ठेवलं, म्हणजे यमाने तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. लग्नात नाव बदलू म्हणाले, तर मी नको म्हटलं. या नावाने मला जगवलं आहे.

शेजारच्या गिरिजाबाईंनी संध्याकाळी चहा आणून दिला. बाई बोलकी आहे. जमेल आमचं.

१९ डिसेंबर

मागच्या जागेवरून आमचा पहिला खटका उडाला. मला तिथे कढीपत्ता, मिरच्या आणि चार वांगी लावायची होती. यांनी परस्पर ठरवलंय की हसनाबादच्या घरचा जाईचा वेल उपटून इथे आणायचा. वेल इंद्रायणीने लावलेला. चांगला जुना आहे, बुंधा मनगटाएवढा. मी म्हटलं, जाईचं रोप तर जालन्यात कुठेही मिळतं, एवढा थोराड वेल हलवला तर मरेल. हे म्हणाले, मरणार नाही, मी दिवाळीतच त्याच्या भोवती चर मारून ठेवलाय. लांबची मुळं आधी तोडली की बुंध्याजवळ नवी तंतुमुळं फुटतात, मग गड्डा हलवला तरी वेल तग धरतो. झाडापेडांतलं यांना सगळं कळतं.

दिवाळीत म्हणजे आमचं लग्न ठरायच्याही आधी. बायको नंतर ठरली, वेल आधी ठरला. लावणार कुठे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला. सवतीला रोज बघत भाकरी थापायची. नवी नवरी रुसून रुसून किती रुसणार, गप्प बसले.

४ जानेवारी १९९७, हसनाबाद

आज एक काम फार मनासारखं झालं.

हे घर आता थोरले दीर धुळाजी आणि जाऊ चतुराबाई यांच्याकडे आहे. या दोघांचा एक अपमान माझ्या पोटात आहे, तो इथे लिहिते. आमच्यात आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी माणूस, म्हणजे घरातल्या एकाने जेवायला यायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे अंगावर पिणाऱ्या लेकरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. लग्नानंतरच्या जेवणाला या लोकांनी माझ्या माहेरी घरटी माणूस सांगितलं. मला लहानाची मोठी करणारी मावशी त्या दिवशी घरी बसून कोरडी भाकरी खात होती. मी ते विसरलेले नाही.

तर मोठं झाड-वेल हलवायचा असला की आदल्या संध्याकाळी त्यालाही आवतण द्यायची रीत आहे. ज्या घरी न्यायचं त्या घरच्या बाईने बुडाला हळदकुंकू, अक्षता वाहायच्या, सुपारी ठेवायची आणि उद्या आमच्या घरी चला म्हणायचं. न सांगता उपटला तर वेल रुसून वाळतो. जाऊबाईंनी ताट हातात दिलं आणि ठसक्यात म्हणाल्या, “येकलीलाच सांग. वेलीबाई, उद्या आमच्या घरी चला, बस. जास्तीचं कायबी बोलू नको.”

माझं डोकंच तापलं. माणसांना घरटी एक, आणि आता वेलालाही घरटी एक! मी वेलापाशी उभी राहिले आणि पार गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “बाई, तुला चूलबंद आवतण. तुझ्या घरात जितकी असतील तितकी सगळी या. अंगावरची लेकरंसुद्धा मागं ठेवू नका. आमच्या घरी कुणाला मोजत नाहीत.”

जाऊबाई भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. थोरले दीर ओसरीवरून उठून आत गेले. हे गोठ्याकडे तोंड करून उभे होते, ते वळलेच नाहीत. मला इतकं बरं वाटलं की रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

६ जानेवारी, जालना

वेल आला. छाटून छाटून गुडघ्याएवढाच ठेवलाय. खणायला धुळाजींनी दोन गडी बोलावले होते, यांनी त्यांना परत पाठवलं. एकट्याने खणलं. आम्हा बायकांना स्वयंपाकघरातून बाहेर यायची बंदी. बाहेर आले तेव्हा मुळांचा गड्डा गोणपाटात बांधून, सुतळीने आवळून तयार होता आणि शेजारी तोंड शिवलेली आणखी एक गोणी. जुनी माती आहे म्हणाले, सोबत असली की वेलाला परकं वाटत नाही. मला आष्टीहून आणताना कुणी माझ्यासोबत चिमूटभर माती दिली नव्हती, तो विचार मनात आला आणि मी तो गिळला.

इथे आल्यावरही तेच. मला गिरिजाबाईंकडे बादली मागायला पिटाळलं. येईपर्यंत गोणी खड्ड्यात रिकामी होऊन वर वेल बसला होता आणि हे आळं करत होते. रिकामी गोणी त्यांनी जाळून टाकली. मी म्हटलं, चांगली गोणी होती की.

१९ जानेवारी

वेलाला फूट आली. हे स्वतःच म्हणाले होते की होळीपर्यंत तो मुका बसेल. गिरिजाबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्याही बघत राहिल्या.

दुसरी फूट माझ्याकडे आहे. महिना चुकला. अजून कुणाला सांगितलं नाही. आज भांडी घासताना मी गाणं म्हणत होते, हे माझं मलाच मागाहून कळलं.

६ फेब्रुवारी

एक गंमत लिहिते. स्वयंपाक झाला की मी दुपारी फरशी पुसते. आज पुसून बाहेर पिळा टाकून आले, तर सगळी फरशी ओली आणि ओट्यासमोर मात्र एका रांगेत कोरडे गोल. एक मोठा, बाई मांडी घालून बसेल एवढा. त्याच्या बाजूने बारके, पोळपाटाएवढे. पंक्तीला बसल्यासारखे. मी परत पुसलं. डोळ्यांदेखत तिथलंच पाणी आधी वाळलं.

खालची माती कमीजास्त दबली असेल. नवी फरशी आहे.

२५ फेब्रुवारी

भाकऱ्या पुरत नाहीत. दुरडी भरून करते, जेवायला बसेपर्यंत तळाला लागलेल्या असतात. मांजर म्हणावं तर वरचं झाकण तसंच. पातेल्यातलं वरणही उतरतं. घरात आम्ही दोघं. आता पोटातलं धरून तिघं म्हणा. यांना सांगितलं आहे, फार आनंदले. अंगठी करू म्हणाले. पोरगा झाला की करू म्हणाले.

फरशीचंही सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, बारके गोल किती आहेत. मी म्हटलं, मोजले नाहीत, आमच्या घरी कुणाला मोजत नाहीत. मला थट्टा करायची होती. हे ताटावरून उठले.

२५ मार्च

वेल खिडकीच्या गजांत शिरलाय. बहर यायला अवकाश आहे, तरी बारीक कळ्या उमलल्यात. त्यांना जाईचा वास नाही. ओव्याची धुरी, शेकशेगडी आणि दूध. बाळंतिणीच्या खोलीचा वास. हा वास मला चांगला ठाऊक आहे, भावजयांची बाळंतपणं मीच काढली.

आता मी स्वतःशी कबूल करते. घरात पाहुणे आहेत. बोलावलं मी, तेही चूलबंद. बोलावलेल्याला जेवू घालावं आणि निरोप द्यावा, एवढी रीत मला कळते. काल पुरणाचा स्वयंपाक केला. वेलापाशी ताटं मांडली, सावकाश होऊ द्या म्हटलं, विडा ठेवला आणि हात जोडून म्हटलं, बाई, आता आपल्या घरी सुखाने जा.

सकाळी ताटं स्वच्छ होती. विडा मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवलेला. तसाच्या तसा, ओला.

१७ एप्रिल

पाचवा लागला. हे मला एका दवाखान्यात घेऊन गेले. पोटावर गार काहीतरी लावून पडद्यावर बघितलं. मला काही दाखवलं नाही, यांना बाहेर बोलावून सांगितलं. परतताना मोटारसायकलवर मी विचारलं, सगळं नीट आहे ना. नीट आहे म्हणाले. मग नुसतं म्हणाले, पोरगी आहे.

मला तर हसूच आलं. पोरगी! माझ्या डोळ्यांपुढे आधी तिची वेणीच आली.

१९ एप्रिल

यांनी सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात त्याच दवाखान्यात जाऊन मोकळं व्हायचं. मी नाही म्हटलं. हे शांतपणे म्हणाले, तिथं नको तर घरी, चतुराबाईंना बोलावतो, त्यांना सवय आहे.

सवय. मला तो शब्द समजला नाही. रात्रभर समजला नाही.

२१ एप्रिल

समजला.

जाऊबाई सकाळी आल्या. मी त्यांच्याशी बोलले नाही, फरशी पुसली. ती वाळायला लागली तशा जाऊबाई पुढे आल्या. ते गोल मला त्यांना दाखवावे लागले नाहीत. एकेका गोलाकडे बोट करत गेल्या. “ही थोरली. ही पोळ्याची. ही त्या पावसाळ्यातली. अन् ही मधी बसून राह्यली ती इंद्रायणी.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “कडू, तुला म्हनलं हुतं येकलीलाच सांग. तू समद्यांना बोलवून बसलीस.”

मूलबाळ नाही म्हणे. इंद्रायणीला पोरीच झाल्या. झाल्या आणि — जाऊबाईंनी मारल्या असं म्हटलं नाही. “ठेवल्या न्हाईत,” असं म्हणाल्या. अंगणातच पुरल्या. पहिलीवर इंद्रायणीने जाईचं रोप लावलं, म्हणजे तिथे कुणी कुदळ मारू नये. पुढच्याही तिथेच. शेवटच्या पोरीनंतर तिने जेवण सोडलं, वेलापाशी बसून राहायची. तापबिप काही नव्हता. धुळाजींना त्या जागी संडासाचा खड्डा घ्यायचा होता, म्हणून यांनी वेल हलवला. वेल नव्हे. गोणी हलवली.

मी विचारलं, मग त्यांना निरोप कसा द्यायचा. जाऊबाई म्हणाल्या, “निरोप देऊन जातील कुठं? त्यांचं घर तं भाऊजीनं हितंच आणलं.”

आणि सवय कसली, हेही मी विचारलं. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. बस.

२२ एप्रिल

आष्टीला जायला निघाले. पिशवी भरली होती. फाटकाला कुलूप. किल्ली यांच्याकडे. गिरिजाबाई माहेरी गेल्यात. भावाकडे जाऊन तरी काय, तो परत आणून सोडेल. तरी गेले असते —

हे म्हणतात उद्या. उद्याच उरकू.

तिला मी ठेवणार. लिहून ठेवते. मी ठेवणार.

२३ एप्रिल, सकाळ

उद्याचं आज झालं. पण आधी वेल काढायचाय म्हणे. जाऊबाईंनीच हट्ट धरला — हे सगळं इथं बसलेलं असताना माझ्याच्यानं हात लावणं व्हायचं न्हाई, आधी ह्या पोरींना गोदावरीत सोडून या. हे कुदळ-कोयता घेऊन मागे गेलेत. मी भाकरी थापतेय. खिडकीतून दिसतंय.

कोयत्याने बुंधा तोडला. त्यातून पांढरं आलं. जाईला चीक नसतो. दूध आलं, अजून गळतंय —

दुपार

लिहिते. हात पिठाचे आहेत.

हे आळ्यात उतरले, गुडघ्याएवढा खड्डा झाला. मग ओरडले. पाय धरला म्हणाले. कुणी धरला ते म्हणाले नाहीत. मला हाक मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नावाने हाक मारली, कडू, ये, ओढ मला.

मी भाकरी उलटली. जाऊबाई धावल्या. त्याही ओरडल्या. मी खिडकी लावून घेतली. दाराला आतून कडी घातली. तव्यावरची भाकरी नीट भाजू दिली, मग पुढची थापली. कुणी काहीही म्हणो. मला वाटलं, बसा आता त्यांच्या पंक्तीला. वाटलं, ज्यांच्यासाठी आल्या ते त्यांना मिळाले. आता उठतील. आता माझी सुटली.

मग आवाज थांबला. खिडकी उघडली. बागेत कोणी नाही. आळं भरलेलं, वरची माती सारखी केलेली — बारक्या बारक्या हातांनी थापून —

थोड्या वेळाने

फरशी पुसली. कळायला हवं होतं, गेल्या की नाही.

गेल्या नाहीत. रांग वाढली. शेवटी दोन मोठे गोल नवे. हे आणि जाऊबाई. सगळे जेवायला बसलेत. कोणी उठत नाही.

आणि इंद्रायणीच्या शेजारी थोडी जागा सोडली आहे. अगदी थोडी. तेवढी अजून ओली आहे.

मी म्हटलं, ही तुमची नाही. मी हिला ठेवणार आहे. इंद्रायणी, ऐकतेस ना, मी ठेवणार आहे गं, मी तुझ्यासारखी —

हाक आली. ओट्याखालून. पोरींचा आवाज, खेळायला बोलावतात तसा. नाव घेऊन बोलावलं, नाव मला नीट ऐकू आलं नाही. आणि पोटात ती हलली. पहिल्यांदा हलली. इतके दिवस मी वाट बघत होते.

पुन्हा हाक. पुन्हा हलली. हाकेला हलते —

नको गं. जाऊ नको. एका हाताने धरून ठेवलीय —

जागा वाळतेय. कडेकडेने. मी पाणी टाकलं, तांब्याच पालथा केला, तरी —

कोरडी झाली.

पोटाला हात लावून बघते. लागत नाही. काहीच लागत नाही. मी तिला हाक मारतेय, माघारी बोलावतेय, पण कोणत्या नावाने मारू, त्यांना तिचं नाव ठाऊक आहे आणि मी, तिच्या आईने, अजून तिचं —